साडेतीनचा चहा

पोलिसात होतो असं कळलं की लोक पहिलं विचारतात, "किती चोर पकडले?" खरं सांगायचं तर एकही नाही. पेडण्याच्या बाजारात एकदा एक पाकीटमार पळता पळता माझ्यावरच येऊन आदळला आणि आम्ही दोघेही मिरच्यांच्या पोत्यावर पडलो, तेवढाच काय तो पराक्रम. मी रायटर होतो. सगळी नोकरी टेबलामागे काढली.

रायटर म्हणजे ठाण्यात जे घडतं ते लिहून ठेवणारा माणूस. फिर्याद, जबाब, पंचनामा, आवक-जावकाची वही, कोठडीची वही, सगळं त्याच्याकडे. साहेब येतात आणि दोन-तीन वर्षांत बदलून जातात, रायटर तिथेच राहतो. नव्या साहेबाला कुठला आमदार कुणाचा व्याही आणि कुठल्या कपाटाची कडी लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, हे सगळं रायटरनेच सांगायचं. त्यामुळे आम्ही जरा माजलेले असतो. त्यात संशय घेण्याची सवय हाडात मुरते. माझी बायको म्हणते, "तुमी घरात सुद्धा जबाब घेतास." मेव्हण्याने मोटारसायकल घेतली तेव्हा मी त्याला फक्त तीन प्रश्न विचारले होते. तो अजून आमच्याकडे पाटावर बसत नाही.

जबाब ऐकताना माझा एकच ठोकताळा असायचा. खरी माणसं एकमेकांशी जुळत नाहीत. आमच्या चोपड्याच्या रस्त्यावर एका स्कूटरने म्हशीला ठोकलं होतं. एक साक्षीदार म्हणाला स्कूटर लाल, दुसरा म्हणाला काळी. तिसरी मासे विकणारी बाई. तिने स्कूटर बघितलीच नव्हती, पण म्हैस कुणाची आणि तिची आई कुणाकडून आणली होती हे पक्कं सांगितलं. तिघंही खरं बोलत होते. उलट एका काजूच्या बागेच्या भांडणात दोन साक्षीदारांनी "तो संतापाने थरथरत पुढे आला" हे वाक्य अगदी जसंच्या तसं सांगितलं. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "थरथरत म्हणजे कसं ते जरा दाखवा बघू." दोघांनाही दाखवता येईना. एकाच वकिलाच्या ओसरीवर बसून पाठ करून आले होते बेटे.

हे सगळं फुशारकीने सांगतोय खरा. पण ज्या प्रकरणाबद्दल लिहायला बसलोय, त्यात पाठ केलेले जबाब आमचेच होते.

ठाणं डिचोली तालुक्याच्या बाजूचं, नेमकं कुठलं ते लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. मारुती नावाचा खानापूरकडचा माणूस साखळीजवळच्या एका इमारतीवर सेंट्रिंगचं काम करायचा. साईटवरून काँक्रीट दाबायचा व्हायब्रेटर चोरीला गेला आणि ठेकेदाराने त्याचं नाव घेतलं. सकाळी साडेदहाच्या सुमाराला गावस हवालदार आणि नाईक ड्रायव्हर त्याला जीपमधून घेऊन आले. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. फिर्याद अजून माझ्या टेबलावर अर्धी लिहून पडली होती, आणि आरोपी दारात हजर. ठेकेदार साहेबांच्या खोलीत बसून काजूगर खात होता.

मारुतीकडे निघालेलं सामान मी लिहून घेतलं. मोबाईल, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी. चाळिशीचा माणूस, हाताला सिमेंटने पडलेल्या भेगा. तो म्हणाला, "साहेब, बायकोला एक फोन लावू काय? ती डबा घेऊन साईटवर येणार हाय." मी म्हटलं, "थांब, साहेबांना विचारतो." घरच्यांना कळवायचं हा नियम आहे, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. तरी मी विचारतो म्हटलं, आणि विचारलंही नाही. कामात राहून गेलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगायचो. कामात काही राहून गेलं नव्हतं, साहेबांच्या दारात जायचा मला कंटाळा आला होता.

आता कोठडीच्या वहीबद्दल सांगायला हवं. कोठडीत माणूस असला की दर अर्ध्या तासाने जाऊन बघायचं आणि वेळ टाकून नोंद करायची, 'आरोपी ओके'. सकाळी आणि दुपारी चहा दिला की तेही लिहायचं. नियम चांगला आहे. पण दर अर्ध्या तासाने उठणार कोण? मला ज्या जुन्या रायटरने काम शिकवलं त्याने पहिल्याच आठवड्यात युक्ती सांगितली होती. जेवायला बसण्याआधी दुपारच्या सगळ्या नोंदी एकदम मारून टाकायच्या. इथे एक ते चार दुकानांना कुलपं असतात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा हलत नाही. ठाण्याला कुलूप लावता येत नाही, म्हणून आम्ही वहीचं काम आधीच उरकून घ्यायचो. गोव्यातल्या किती ठाण्यांत असं चालतं ते मला माहीत नाही आणि मी विचारायलाही जाणार नाही.

मी या कामात भलताच तरबेज होतो. मधल्या दोन नोंदी दुसऱ्या पेनने करायच्या, एखादी वेळ नेमकी न टाकता दोन मिनिटं पुढे टाकायची, म्हणजे बघणाऱ्याला शंका येत नाही. त्या दिवशीही एक वाजता मी चार वाजेपर्यंतचं सगळं लिहिलं. दीड वाजता आरोपी ओके, दोनला ओके, अडीचला ओके, तीनला ओके. साडेतीनला, चहा दिला, आरोपी प्याला. चारला ओके. खाली सही ठोकली आणि डबा उघडला.

तेवढ्यात गावस मारुतीला कोठडीतून काढून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "रायटर, तू जेव. आमी मागल्या खोलीत बसतंव." साहेब आधीच तिकडे गेले होते. डब्यात बांगड्याचं हुमण आणि भात होता. मी जेवत होतो आणि मागच्या खोलीतून आवाज येत होते. ओली गादी काठीने झोडावी तसे. मधेच "न्हाई ओ साहेब, माझ्याकडं न्हाई" असंही ऐकू आलं. पंखा चालू होता, त्यामुळे नीट कळत नव्हतं. मी जेवण संपवलं, हात धुतले, खुर्चीत पाय लांब केले.

तीनला दहा मिनिटं कमी असताना पळापळ झाली. नाईकने जीप सुरू केली. साहेब आणि गावस एका चादरीतून मारुतीला उचलून नेत होते. त्याचे पाय चादरीच्या बाहेर लोंबत होते, अनवाणी. एवढंच मला दिसलं. तीन वाजून दहा मिनिटांनी आरोग्य केंद्रातून गावसचा फोन आला, "गेलो रे तो. आणण्याआधीच गेलो म्हणता डॉक्टर."

मी फोन ठेवला. समोर वही उघडी होती. माझ्या वहीत तो माणूस अजून वीस मिनिटांनी चहा पिणार होता, आणि चार वाजता पुन्हा ओके असणार होता. मी घाबरलो. आणि लाज वाटते सांगायला, मारुतीसाठी नव्हे. माझी मान अडकली म्हणून.

साहेब परत आले ते सरळ वहीपाशीच. त्यांनी ते पान तीनदा वाचलं. पानांवर छापील आकडे असतात, वर शिक्का असतो, पान फाडता येत नाही. ते म्हणाले, "परब, काय करून ठेवलंस हे? मेलेल्याला चहा पाजलास?" मग ते खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे म्हणाले, "घाईत वेळ चुकीची पडली. चहा अडीचला दिला. तो प्याला, बरा होता, गप्पा मारत होता, आणि मग अचानक कळ आली. तीनची आणि चारची नोंदही चुकून पडली. माणसाची चूक होते. कळलं?"

कळलं की. न कळायला काय झालं होतं?

कोठडीत माणूस मेला की न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चौकशी होते. त्याआधी आमचे जबाब तयार झाले आणि टाईप करायला माझ्याचकडे आले. साहेबांचा, गावसचा, नाईकचा. मी टाईप करत गेलो आणि माझी बोटं थांबली. तिघांच्याही जबाबात एकच वाक्य होतं, 'त्याने डाव्या हाताने छाती धरली आणि तो भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.' नाईक तर स्वतःच्याच जबाबाप्रमाणे तेव्हा अंगणात जीप पुसत होता. मी त्याला विचारलं, "बाबा, तू अंगणात, तो आत. मग डावा हात तुला दिसला कसा?" नाईक माझ्याकडे न बघता म्हणाला, "माका काय म्हायत नाय. सायबान सांगलां ता बरयलां." सांगितलं ते लिहिलं, एवढंच.

मग कॅमेऱ्याचं. मागच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात ठाण्याचा कॅमेरा आहे, तो मारुती मेला त्याच्या तीन दिवस आधीपासून बंद असल्याचं एक पत्र फायलीत निघालं. मी जावकाची वही काढली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला ओळीने आकडा पडतो. या पत्राला आधीच्याच आकड्यापुढे 'अ' जोडून दोन ओळींच्या फटीत कोंबलं होतं. मागची तारीख घालायची असली की असाच 'अ' जोडावा लागतो, हे मी दुसऱ्यांना शिकवलंय. पण ती ओळ माझ्या अक्षरात नव्हती. माझ्या वहीत माझ्या मागे कुणीतरी हात घातला होता. आणि तुम्हाला हसू येईल, पण मारुतीच्या मरणापेक्षा मला त्याचा आधी राग आला.

शवविच्छेदनाचा कागद आला. दोन्ही तळपायांना सूज आणि वळ. गावस म्हणाला, सेंट्रिंगवाले अनवाणी सळ्यांवर चालतात, पाय सुजणारच. मी सामानाची यादी पुन्हा वाचली. चपला नव्हत्या तिच्यात, कारण चपला मी लिहीतच नाही. दिवसभर मी आठवत बसलो, सकाळी तो चपला घालून आला होता का? आला होता. निळे पट्टे होते. आठवलं आणि कुणाला बोललो नाही.

तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. गावस चहाला बोलवायचा, तर वाटायचं काहीतरी काढून घ्यायला बघतोय. साहेब पाठीवर हात ठेवायचे, तर वाटायचं शेवटी सगळं माझ्यावरच ढकलणार. नोंद माझी, सही माझी, अक्षर माझं. चौकशीच्या सकाळी बायकोने डबा भरता भरता सांगितलं, "दोन वर्सां रवलीत निवृत्तीक. गप रवा." तिचं काही चुकत नव्हतं. मीही गप्पच राहणार होतो. अडीचला चहा, घाईत चूक, सही, संपलं.

मॅजिस्ट्रेट मॅडमच्या कचेरीबाहेर लांब बाकडं होतं. आत नाईकचा जबाब चालला होता. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला मारुतीची बायको रेणुका बसली होती. तिचा जबाब आधी होऊन गेला होता. मारुतीचं सामान मीच तिच्या ताब्यात दिलं होतं, त्यामुळे ती मला ओळखत होती. जरा वेळाने ती सरकून जवळ आली.

"साहेब, तुमीच लिवता न्हवं ती वही?"

मी मान हलवली. मनात म्हटलं, हिला वकिलाने पाठवलंय. सावध राहा, परब.

"बाईसाहेबांनी वाचून दावलं आत. त्यास्नी च्या दिला म्हनं. ते पिले म्हनं."

आत नाईकचा जबाब अजून चालू होता, मी त्या दाराकडे बघितलं.

"त्या दिवशी मी डबा घेऊन साईटवर गेलते. तिथं कोन काय सांगंना. तीन वाजपातूर बसले तशीच. सकाळपासनं पोटात काय न्हवतं त्यांच्या. मला तेच सारखं लागत हुतं बघा, उपाशी गेले म्हून. आता वाचून दावल्यापासनं जरा बरं वाटतंय. च्या तरी गेला पोटात." मग ती म्हणाली, "साखर जास्त घातल्याली काय वो? त्यास्नी लई साखर लागायची. कमी पडली की तसाच ठेवायचे."

इतकी वर्षं मी साक्षीदार ऐकले. शिकवून पाठवलेल्या माणसाला असला प्रश्न सुचत नाही. त्या बाईच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. ती खरोखर साखरेचंच विचारत होती. मला रडू फुटेल असं वाटलं आणि त्याचबरोबर स्वतःचा संतापही आला.

"नाही बाई," मी म्हटलं. "चहा दिलाच नव्हता. मी जेवायला बसण्याआधी ते लिहून टाकलं होतं. साडेतीनला ते जिवंत नव्हते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, तो बदल मी बघितला आहे. "आनी तुमी?" ती म्हणाली. "तुमी कुठं होतासा?"

"तिथेच. जेवत होतो."

ती पुन्हा सरकून बाकड्याच्या त्या टोकाला गेली. तेवढ्यात शिपायाने माझं नाव पुकारलं.

आत मॅजिस्ट्रेट मॅडमनी वही पुढे केली आणि विचारलं, "वेळ चुकून पडली असं तुमच्या साहेबांचं म्हणणं आहे. बरोबर?" मी सांगितलं, चुकून नाही, मुद्दाम. एक वाजताच सगळं लिहिलं होतं, चहा नव्हताच. मागच्या खोलीचं सांगितलं, चादरीचं सांगितलं, जावकाच्या वहीतला 'अ' दाखवला, चपलांचे निळे पट्टे सांगितले. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध बोलताय, हे कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. मग त्यांनी विचारलं, मागच्या खोलीतले आवाज तुम्हाला स्पष्ट ऐकू येत होते का? मी उत्तर दिलं, "पंखा चालू होता, मॅडम. नीट ऐकू येत नव्हतं." त्यांनी ते लिहून घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. साहेब, गावस आणि नाईक यांच्यावर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे, तारखा पडतात. खोट्या नोंदींसाठी मी निलंबित झालो आणि तसाच निवृत्त झालो. निरोपाचा नारळ घरीच फोडला. बायको महिनाभर माझ्याशी मोजकंच बोलली. व्हायब्रेटरचं काय झालं ते ठेकेदारालाच माहीत. तो कधी साक्षीला आलाच नाही, समन्स घेऊन जाणाऱ्याला म्हणे घर सापडत नाही. काही लोक मात्र मला धाडसी म्हणतात. या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तोच शब्द वापरला. त्यांना मी म्हटलं, अहो, मी आळशी नसतो, दुपारी उठून खरोखर वेळेवर नोंदी करत असतो, तर मीसुद्धा पुढे तीनच्या आधी कुठेतरी 'अचानक कळ आली' असं सुबक लिहून मोकळा झालो असतो. आळसामुळे पकडला गेलो आणि पकडल्यावर बोललो. यात धाडस कुठलं?

गेल्या तारखेला माझी उलटतपासणी झाली. साहेबांचा वकील हुशार माणूस. त्याने आधी माझ्याकडून कबूल करून घेतलं की मी वर्षानुवर्षं खोट्या नोंदी करत आलो. मग विचारलं, "अशा माणसाचं आजचं बोलणं तरी खरं कशावरून?" प्रश्न रास्त होता. मीही त्याच्या जागी तोच विचारला असता. रेणुका मागच्या बाकावर बसली होती. ती प्रत्येक तारखेला खानापूरहून बस बदलत येते आणि माझ्याशी बोलत नाही.

मग त्याने वही उघडली. "दोन वाजताची नोंद, आरोपी ओके. तेव्हा तो जिवंत होता?"

"होता."

"तुम्ही जाऊन बघितलं?"

"नाही."

"मग जिवंत होता हे कशावरून सांगता?"

"ऐकू येत होता."

वकील हसला. त्याला हवं ते मिळालं होतं. त्याने माझा चौकशीतला जबाब काढला आणि वाचला, "पंखा चालू होता, नीट ऐकू येत नव्हतं." मग म्हणाला, "यातलं खरं कुठलं, परब?"

त्या वाक्याच्या आडोशाला मी इतके दिवस काढले होते. अजूनही राहता आलं असतं. खरं तर तेच सोयीचं होतं, त्यालाही आणि मलाही. पण मागे ती बसली होती, आणि तिने मला विचारलं होतं, तुमी कुठं होतासा.

"पंखा आधी दोनावर होता," मी म्हटलं. "सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. 'आई गं' म्हणाला तेही. मी डबा बाजूला ठेवून उठलो."

"आत गेलात?"

"नाही. पंखा वाढवला आणि परत जेवायला बसलो."

न्यायाधीशांनी वर बघून विचारलं, "किती वाढवला?"

"पाच केला, साहेब. त्याच्या पुढे आकडा नव्हता."

खाली टाईप करणाऱ्या मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं. मग तिने तेवढं लिहून घेतलं, आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बोटं तशीच धरून बसली.